आपोआप वाजणारा तंबोरा

"हा आपोआप वाजतो, चाचा. ह्याचं वाजणं बंद करता येईल का?"

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. बोटांच्या चिमटीत एक हाडाची घोडी होती, सतारीच्या तारा टेकतात ती. कानशीचे दोन हलके घास, एक फुंकर. दोन घास, एक फुंकर.

विचारणारे श्रीरंगराव तोरगलकर दारातच उभे होते. कोल्हापुरात त्यांचा यंत्रांचे सुटे भाग बनवायचा कारखाना. आज सकाळी गाडी काढून ते मिरजेला आले होते आणि वाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत तिघांना विचारत विचारत या दुकानाशी पोचले होते. तिघांनीही एकच नाव सांगितलं होतं. काखेत गवसणी घातलेला तंबोरा होता. तो त्यांनी पोत्यासारखा धरला होता.

"बसा की."

बसायला एक स्टूल होतं. त्यावर अर्धा सोललेला भोपळा ठेवलेला. श्रीरंगरावांनी तो उचलला, कुठं ठेवावा ते कळेना, पुन्हा तिथंच ठेवला. उभेच राहिले.

"आपोआप म्हंजे?"

"म्हणजे कुणी हात न लावता. मी गाणं लावलं की हा कोपऱ्यातनं झणझणायला लागतो. माझी म्युझिक सिस्टीम आहे घरी. साधी नव्हे. गेली सहा वर्षं जमवतोय. खांद्याइतके उंच स्पीकर आहेत. इंटरनेटवरनं जगातलं कुठलंही गाणं, स्टुडिओत भरलं तसं, थेट घरात येतं. त्यासाठी वेगळं यंत्र आहे. स्ट्रीमर म्हणतात. तिसरा बदलला यंदा."

"पयले दोन बिघडले?"

"नाही. चांगले होते."

चाचांनी फुंकर मारली.

"आकड्यांचा आवाज करणारा डबा वेगळा, आवाज मोठा करणारा वेगळा. केबली अंगठ्याएवढ्या जाड. आणि एवढं करून गाण्याच्या मागं सारखं काहीतरी यायचं. बारीक. धुकं असावं तसं. चार महिने शोधत होतो मी."

या चार महिन्यांची हकिगत श्रीरंगरावांनी मित्रांना इतक्यांदा सांगितली होती, की ती आता त्यांना पाठ होती. आधी केबली बदलल्या. मग खोलीपुरतं वेगळं अर्थिंग करून घेतलं. इंटरनेटचा डबा स्वयंपाकघरात नेला. फ्रीज दुसऱ्या लाइनीवर टाकला. तरी धुकं होतंच. शेवटी पुण्याहून एक तज्ज्ञ बोलावला. त्यानं भिंतींना मऊ चौकोन लावले, टाळ्या वाजवून बघितल्या, छताकडे बघून मान हलवली, आणि धुकं तसंच ठेवून गेला. मग एका रविवारी श्रीरंगराव पडदा सारायला उठले आणि पडद्यामागच्या तंबोऱ्याला हात लागला. तारा थरथरत होत्या.

मित्र इथं हसायचे. चाचा हसले नाहीत.

"घरात कुणी सांगितलं न्हाई?"

"काय?"

"तंबोरा आसंल म्हणून."

श्रीरंगराव 'नाही' म्हणणार होते. तोंड उघडलंसुद्धा. आणि तेवढ्यात त्यांना आठवलं. पहिल्याच दिवशी वृंदा, त्यांची बायको, चहाचा कप ठेवताना म्हणाली होती, 'तंबोरा असेल हो तो.' ते ऐकलं नव्हतं असं नाही. ऐकलं होतं.

"...लक्षात नाही," ते म्हणाले.

दोन घास, एक फुंकर.

"तुमाला कळलं, तो का वाजतो ते?"

"हे काय, साधं भौतिकशास्त्र आहे." श्रीरंगरावांना आता पायाखाली जमीन लागली. "प्रत्येक तारेचा आपला एक सूर असतो. तोच सूर बाहेरनं आला, की तार न छेडता कंप पावते."

"म्हंजे ऐकतो तो."

"ऐकत नाही, चाचा. कंप पावतो."

"आनी तुमी?"

"मी काय?"

"पावता?"

श्रीरंगरावांना हे थट्टेनं विचारलं की कसं, ते समजेना. चाचांचा चेहरा घोडीवरच होता.

त्यांनी बोलणं बदललं. "मी वाचून आलोय. तुमच्यात बंद जवारी म्हणून प्रकार असतो. घोडी अशी घासायची की तार कमी झणझणते. तशी करून द्या."

"दीन की. पन तरीबी वाजंल."

"मग तारा काढून टाका."

"मग भोपळा वाजंल. थोडका. पन तुमचे कान तयार हायत, तुमाला ऐकू यील."

"मग काय करायचं?"

चाचांनी घोडी खाली ठेवली. पहिल्यांदाच वर बघितलं. एक डोळा पांढुरका झालेला होता, दुसरा चांगलाच जागा होता.

"तुमचं ते धुकं नसलं की गानं कसं लागतं?"

"चाचा, ते सांगून नाही समजायचं." श्रीरंगरावांचा स्वर एकदम उमलला. असं कुणी विचारलं की तो उमलायचाच. "थांबा. दाखवतोच."

पिशवीतून त्यांनी हातात मावणारं एक यंत्र काढलं, आणि एक जाडजूड हेडफोन. तो मऊ कापडात गुंडाळलेला होता, नव्या बाळासारखा. चाचांनी डोक्यावरची टोपी मागं सारली. श्रीरंगरावांनी स्वतः त्यांच्या कानांवर तो बसवला, डावं-उजवं बघून, आणि कळ दाबली.

चाचांनी डोळे मिटले.

बराच वेळ गेला. बाहेरून एक रिक्षा हॉर्न देत गेली. ती चाचांना ऐकू आली नसावी, आणि श्रीरंगरावांना त्याचाच आनंद झाला.

"ऐकलंत? गवई श्वास घेतोय, तोसुद्धा येतो बघा." ते मोठ्यानं म्हणाले.

चाचांनी हेडफोन काढला. दोन्ही हातांनी, सांभाळून परत दिला.

"झ्याक हाय. श्वास बी आला."

"आला ना!"

"त्यो लपवायला त्या मानसानं चाळीस वर्सं घातली आसतील."

...

"ह्यो पुढं काय करतो?" चाचांनी विचारलं. "आत्ता कुटं गंधारावर येतोय, येत न्हाई, चाललं हुतं. पुढं येतो का?"

श्रीरंगरावांनी यंत्राकडं बघितलं. हे गाणं त्यांनी निदान दोनशे वेळा लावलं होतं. प्रत्येक नवी केबल, प्रत्येक नवा डबा याच गाण्यावर तपासला होता.

"पुढं... मी सुरुवातीची दीड-दोन मिनिटंच लावतो. तपासायला तेवढी पुरतात."

"हां."

चाचांनी कानशी बाजूला सारली आणि गवसणीकडे बोट केलं. "बगू."

श्रीरंगरावांनी नाडी सोडली. तंबोरा बाहेर आला. तारा इतक्या सैल, की धुणं वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबत होत्या. चाचांनी तो मांडीवर घेतला, पालथा केला, भोपळ्यावरून तळवा फिरवला. जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. देठाजवळ एक ठिगळ होतं, नखाएवढं. तिथं अंगठा थांबला.

"ह्यो माझा हाय. ठिगळ माझंच. तेवीस-चोवीस वर्सं झाली. एक मास्तर आले हुते, पोरगी संगं. पोरगी ह्येच्याच म्होरं बसली, हलंना. म्हनाली, ठिगळाचाच पायजे."

"ती आमची मिसेस."

"आसं होय." चाचांनी तंबोरा सरळ केला. "त्यांनी पाठवला?"

"नाही. मीच आणला."

"आनी तारा?"

"त्या मीच सैल केल्या, तरी बारीक झणझणतातच. आधी रजई गुंडाळून बघितली, उपयोग नाही झाला. मग रोज रात्री सैल करून ठेवायला लागलो. ती पहाटे लावून घ्यायची."

"रोज?"

"वीस-पंचवीस मिनिटं लागायची तिला. तशी काही बोलली नाही ती."

"मग?"

"मग लावायची बंद झाली."

"आनी गायाची?"

"...तेही."

"किती दिस झाले?"

"सात महिने असतील." श्रीरंगरावांनी घाम पुसला. दुकानात पंखा होता, पण तो फिरत नव्हता. "केवळ तंबोऱ्यामुळं नाही, चाचा. एकदा ती गात होती, मी खुर्चीत बसलो होतो. मी एवढंच म्हणालो की मधल्या सप्तकात आवाज जरा कोंदट येतोय. खोटं नव्हतं ते. माझे कान असे आहेत, की मला दोन केबलींमधला फरक कळतो. कारखान्यात आम्ही केसाच्या दहाव्या भागापर्यंत मोजतो. जे आहे ते सांगायची सवय. त्यात वाईट काय वाटायचं?"

चाचांनी ठिगळावरून अंगठा फिरवला.

गप्प बसलेल्या माणसासमोर माणूस जास्त बोलतो. श्रीरंगरावही बोलले.

"आज निघताना विचारलं मी तिला, नेऊ का म्हणून. तर म्हणाली, जाताच आहात तर तिथंच ठेवून या. मिरजेत निदान कुणीतरी वाजवेल."

"मग मिटलं. ठेवून घेतो मी."

हे इतक्या झटक्यात आलं की श्रीरंगराव दचकले. आपण याच्यासाठीच आलो होतो का? वाजणं थांबवायला आलो होतो. पण ठेवून जाणं हाही उपायच होता, आणि बिनचूक होता. खोली रिकामी होईल. धुकं जाईल. वृंदा सकाळी उठून नुसता चहा करेल. रोज. पुढंही रोज.

"ठेवा," ते म्हणाले. पण तंबोऱ्याच्या दांडीला धरलेला त्यांचा हात काही निघाला नाही.

"आसा न्हाई घेता येत," चाचा म्हणाले. "आमच्या घरचा रिवाज हाय. माझ्या आज्ज्यापास्नं. इथनं गेलेला तंबोरा परत घ्यायचा तर गानाऱ्यानं सोताच्या हातानं तारा उतरवायच्या. दुसऱ्यानं उतरवल्याला आमी घेत न्हाई."

"तारा उतरलेल्याच आहेत."

"तुमी उतरवल्यात."

"मग आता?"

"आता पयला चढवायचा. बाईंच्या सुरात लावायचा. मग त्यांनी यायचं आनी उतरवायचा. मग माझा."

"म्हणजे गप करायला आधी वाजता करायचा?"

"व्हय."

"हे काहीतरीच आहे, चाचा."

"हाय खरं." चाचांनी पहिल्या खुंटीवर हात ठेवला. "बाईंची पट्टी कुठली? कुठल्या सुरात गातात?"

...

स्ट्रीमरमधून येणारं गाणं एका सेकंदाला किती तुकड्यांत चिरलेलं असतं, हा आकडा श्रीरंगरावांना झोपेतही सांगता आला असता. स्पीकरच्या आतल्या कागदाची जाडी सांगता आली असती. या बाईबरोबर त्यांचा एकोणीस वर्षांचा संसार होता.

"तुम्हीच बांधलाय ना तो," ते म्हणाले. "तुम्हाला माहीत असेल."

"मी बांधला तवा पेटीची काळी चार. त्या पोरीची. मी आत्ताची इचारतोय."

"आत्ताची मला..."

"इचारा की मग. फोन आसंल न्हवं."

श्रीरंगरावांनी फोन लावला. चाचांनी खुणेनं सांगितलं, आवाज मोठा करा. फोन स्पीकरवर गेला. तिकडून कुकरच्या शिट्टीचा आवाज आला आणि त्यामागून वृंदाचा.

"पोचलात?"

"पोचलो. वृंदा, तुझी पट्टी कुठली?"

"कसली पट्टी?"

"गाण्याची."

फोन कटला की काय म्हणून श्रीरंगरावांनी पडदा बघितला. सेकंद पुढं सरकत होते.

"तुम्हाला कशाला हवी?" ती म्हणाली.

"इथं विचारतायत."

"हां... इथं विचारतायत होय. काळी चार होती."

"आत्ताची इचारा," चाचा म्हणाले.

"कोण आहे तिथं?"

"ताई, मी दस्तगीर. ठिगळवाला तंबोरा."

"चाचा!" तो आवाज श्रीरंगरावांनी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. एकदम वर गेला आणि तिथंच थांबला. "चाचा, तुम्ही अजून... बरे आहात ना?"

"हाय की. एक डोळा गेला, कान हायत. ताई, आत्ता सूर कुटं लागतोय?"

"नाही माहीत, चाचा. बरेच दिवस झाले. गाऊन बघावं लागेल."

"बगा की मग."

"आत्ता?"

"मग कवा? मी लावतो हितं. तुमी तिकडनं सांगा."

तिकडं कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"हे आहेत ना तिथं?" वृंदानं विचारलं.

अगदी साधा प्रश्न होता. घरी कुणी आलं की 'चहा टाकू ना?' विचारावं, तितका साधा. श्रीरंगराव उत्तर द्यायला पुढं झाले. चाचांनी फोन त्यांच्या हातातून घेतला. हनुवटीनं दाराकडे खूण केली.

"मी?" श्रीरंगरावांनी ओठांनीच विचारलं.

हनुवटी पुन्हा हलली.

श्रीरंगराव बाहेर आले. मागं कापडी पडदा पडला.

बाहेर दगडाची एकच पायरी होती, तिच्या खाली गटार. पायरीवर चपलांचे तीन-चार जोड. त्यांनी एक जोड सरकवला आणि ज्या पँटला कधी धुळीचा ठिपका लागू दिला नव्हता, ती तशीच टेकवली. समोरच्या दुकानात कुणीतरी लाकडाला रंधा मारत होतं. वरच्या मजल्यावर मिक्सर लागला होता. पाववाला भोंगा वाजवत गेला. अशा जागी ऐकणं म्हणजे काय चेष्टा आहे, असं त्यांच्या मनात आलं.

आतून खुंटी करकरली. एक तार वर चढली. थांबली.

मग बराच वेळ नुसतं करकरणं. मध्येच एक तार वाजली. मध्येच चाचांचं 'अं हं'.

मग वृंदा.

फोनमधून आलेला, डब्यात कोंडलेल्या माशीसारखा आवाज. सा लावला, आणि तो मध्येच फाटला. तिकडं ती खोकली. पुन्हा लावला. तो लागेपर्यंत चाचांनी तार थोडी खाली आणली. आवाज थोडा वर आला. दोघं एकमेकांना अंधारात चाचपडावं तसं शोधत होते. एकदा जवळून निघून गेले. एकदा लागल्यासारखं झालं, तेवढ्यात मिक्सर जोरात ओरडला आणि सगळं बुडालं.

श्रीरंगराव उठून वर ओरडणार होते. उठलेही. मग वाटलं, आपल्या ओरडण्यात जे काही आहे तेही जाईल. पुन्हा बसले.

गल्लीच्या तोंडाशी एक मोटरसायकल आली, फाटक्या सायलेन्सरची. श्रीरंगरावांनी दोन्ही हात वर केले. चालवणारा गडबडून थांबला. इंजिन बंद केलं.

"काय झालं हो? मयत हाय का कुणाची?"

"नाही. गाणं चाललंय."

"कुटं?"

श्रीरंगरावांनी पडद्याकडे बोट केलं. तो माणूस मान वाकडी करून थोडा वेळ थांबला. श्रीरंगरावही श्वास धरून थांबले.

"मला तर काय यीना ऐकू," तो माणूस म्हणाला. "कोन गातंय?"

"आमची..." श्रीरंगरावांनी शब्द बदलला. "आमच्या घरातलं आहे."

त्या माणसानं त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्या कडक इस्त्रीकडे बघितलं, चपलांच्या जोडांकडे बघितलं. मग काही न बोलता मोटरसायकल हातानं ढकलत नेली. पार कोपऱ्यापर्यंत. तिथं जाऊन किक मारली.

तोवर आत जुळलं होतं.

ते नेमकं कधी जुळलं, हे श्रीरंगरावांना सांगता आलं नसतं. एवढंच, की तंबोरा कुठला आणि ती कुठली, हे वेगळं काढता येईना. ती सा सोडून कुठंही जात नव्हती. रे नाही, ग नाही. सा. मध्ये श्वास. पुन्हा सा. श्वास पायरीपर्यंत पोचत नव्हता. तिथं नुसतीच जागा रिकामी राहायची, आणि त्या जागेत श्रीरंगरावांचा श्वासही थांबायचा. रंधा चालू होता. मिक्सर चालू होता. पायाला मुंग्या आल्या होत्या. पाय हलवला तर चप्पल गटारात पडेल आणि आवाज होईल, म्हणून त्यांनी तो हलवला नाही.

किती वेळ गेला? दीड-दोन मिनिटं तर नक्कीच नव्हती. सावली पायरीवरून उतरून गटारापलीकडं गेली होती.

मग आवाज थांबला. थोडं बोलणं झालं. चाचा एकदा हसले. फोन ठेवल्याचं 'टुक्' ऐकू आलं.

तरी श्रीरंगराव लगेच उठले नाहीत. पडद्याला हात लावून, आत जायला परवानगी लागते तसे थांबले.

"या की."

तंबोरा उभा होता, तारा ताठ. चाचा त्यावरून कोरडं फडकं फिरवत होते. फोन बाजूला पालथा पडला होता.

"पांढरी पाच," चाचा म्हणाले. "अर्धा सूर खाली आल्यात. वय झालं की येतो. वंगाळ काय न्हाई त्यात."

"पांढरी पाच," श्रीरंगराव म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले, मनाशी.

चाचांनी फडकं झटकलं.

"उतरवायला कधी येणार ती?"

"इचारलं मी."

"काय म्हणाली?"

"कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, म्हनाल्या. डाळ करपली."

"आणि तारांचं?"

"तारांचं कायबी बोलल्या न्हाईत."

श्रीरंगरावांनी स्टुलावरचा भोपळा उचलला, या वेळी खाली जमिनीवर ठेवला, आणि बसले. स्टूल डगमगत होतं.

"म्हणजे तुम्ही ठेवून घेणार नाही."

"कसा घेऊ? चढवल्याला हाय."

"मग मला परत न्यावा लागणार."

"लागनारच."

"खोली एकच आहे, चाचा. तिथं नेला तर हा वाजणार."

"वाजनारच."

"मग माझ्या सिस्टीमचं काय? सहा वर्षं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. सहा वर्षांचं काय, ते त्यांनाच पुढं सापडेना. "मी काय करू, ते सांगा. तुम्ही सांगाल ते यंत्र आणतो. पाहिजे तर स्ट्रीमर पुन्हा बदलतो."

चाचांनी तंबोऱ्याला गवसणी चढवली. तोंडाशी नाडी ओढली, गाठ मारली, सोडली, पुन्हा नीट मारली.

"आत्ता कुटं बसला हुता?"

"बाहेर. पायरीवर."

"ऐकू आलं?"

रंधा थांबला होता. वरचा मिक्सरही थांबला होता. गल्लीत कुणाचाच आवाज नव्हता.

"आलं."

"मग झालं. घरी बी तितंच बसायचं."

"घरी?" श्रीरंगराव उभे राहिले. चाचांनी पुढं केलेला तंबोरा त्यांनी दोन्ही हातांत घेतला, छातीशी धरला. "आमचा फ्लॅट आहे, चाचा. चौथा मजला. पायरी कुठली तिथं? लिफ्ट आहे."

चाचांनी मघाची घोडी उचलली. कानशी शोधली. दोन घास, एक फुंकर.

"जिना आसंलच की."